स्थळं मोजू नका

पोरांनो, तुमच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या अभ्याससहलीचा कार्यक्रम मी दोनदा वाचला. आठ दिवस आणि एकोणतीस ठिकाणं. त्यातली निम्मी खोडून टाका, हे तुमच्या बाईंचं पहिलं सांगणं. दर्शनाला गेलेला माणूस प्रत्येक ठिकाणी घटकाभर हात जोडतो आणि तृप्त होतो. त्याची तृप्ती खरी असते, तिला मी कमी लेखत नाही. पण तुम्ही वही घेऊन निघाला आहात. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये चढायचं, असं आठ दिवस केलंत तर चौथ्या दिवशी सगळे दगड सारखेच दिसू लागतात.

त्याआधी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२३ नंतर त्या भूमीवर किती रक्त सांडलं ते तुम्ही पाहिलंत. म्हणून तिकिटं काढण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची आणि तिथल्या भारतीय दूतावासाची सूचना वाचा. निघायच्या आठवड्यात ती परत वाचा. ‘जाऊ नका’ असं लिहिलेलं असेल तर जायचं नाही, मग आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी चालतील. ते दगड अडीच-तीन हजार वर्षं थांबले आहेत, आणखी एक वर्ष थांबतील. तुमच्या आईवडिलांना मात्र तुम्ही धडधाकट परत हवे आहात.

आता मुद्द्याचं. सगळं पवित्र शास्त्र आठ दिवसांत पाहायला जाऊ नका. एकच धागा धरा आणि त्याच्या मागे चाला. कोणता, असं विचाराल तर मी हिज्कीया राजाचा सांगेन. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा राज्यावर चालून आला. त्या एका वर्षाच्या खुणा जमिनीवर इतक्या स्पष्ट उरल्या आहेत की नवख्या विद्यार्थ्यालाही त्या वाचता येतात. निघण्यापूर्वी २ राजे १८ ते २०, २ इतिहास ३२ आणि यशयाचा २२ वा अध्याय वाचून काढा. मराठीतूनच वाचा, आणि मोठ्याने. मनातल्या मनात वाचलं की नावं नजरेखालून निसटतात.

सुरुवात यरुशलेमच्या जुन्या शहरातल्या रुंद भिंतीपासून करा. यहुदी वस्तीतल्या घरांच्या मधे, रस्त्याच्या पातळीखाली, ही सात मीटर जाडीची भिंत उघडी पडलेली आहे. नाहमान अविगाद यांनी १९७०च्या सुमारास ती खणून काढली. उत्तरेचं इस्राएल राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास बुडालं, तिकडची माणसं दक्षिणेला आली, शहर तटाबाहेर पसरलं. पुढे अश्शूरची फौज येणार हे दिसू लागल्यावर त्या नव्या वस्तीभोवती तट घालावा लागला. भिंत नीट पाहिलीत तर ती आधीच्या घरांच्या पायावरून गेलेली दिसेल. तिथे उभं राहून यशया २२:१० वाचा. तट मजबूत करायला घरं पाडल्याचा उल्लेख त्या ओवीत आहे. मार्गदर्शकाला तेवढा वेळ गप्प राहायची विनंती करा.

मग उतरणीने दावीदनगरात या आणि गीहोन झऱ्यापाशी थांबा. हा झरा शहराच्या अगदी कडेला. वेढा पडला की शत्रू पाण्यावर बसणार, म्हणून डोंगराच्या पोटातून ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदून ते पाणी शिलोहच्या तळ्यापर्यंत नेलं. दोन टोकांकडून दोन टोळ्यांनी खोदायला सुरुवात केली आणि मधे त्या एकमेकींना भेटल्या. एवढ्या लांबीत उतार फक्त तीसेक सेंटीमीटरचा आहे आणि पाणी अजून वाहतं. बोगद्यात पाणी कुठे घोट्याएवढं, तर झऱ्याजवळ मांडीपर्यंत. घट्ट बसणारे रबरी सँडल घाला, चपला वाहून जातात. डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या, म्हणजे हात मोकळे राहतील. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. बोगदा अंगाला घासण्याइतका अरुंद आहे. कोंडल्या जागेत कुणाचा जीव घाबरत असेल तर त्याला बळजबरीने आत ओढू नका. शेजारी कोरडा, जुना कनानी बोगदा आहे, त्या वाटेने एकजण सोबत देऊन त्याला पाठवा. आणि वरवर घाईने चालू नका. मध्यावर बोगदा वेडावाकडा वळतो, तिथे टॉर्च भिंतीला लावून कुदळीच्या घावांची दिशा पाहा. एका ठिकाणी ती उलटते. दोन्ही टोळ्या भेटल्या ती हीच जागा.

या भेटीची हकिगत खोदणाऱ्यांनी भिंतीवर कोरून ठेवली होती. तो शिलालेख १८८० मध्ये सापडला, पण आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, कारण त्या वेळी यरुशलेमवर तुर्कांचा अंमल होता. म्हणून त्याचा फोटो आणि भाषांतर छापून सोबत न्या. तसंच यहूदातल्या लाखीश या तटबंद नगराचं. सन्हेरीबाच्या निनवेतल्या राजवाड्यातली लाखीशच्या वेढ्याची शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे मोठे छापील फोटो घेऊन लाखीशच्या टेकाडावर जा. नैऋत्य कोपऱ्यात अश्शूरच्या सैन्याने दगडमाती रचून केलेला चढाव अजून उभा आहे. तिथे गोफणीचे गोटे आणि लोखंडी बाणांची पाती सापडली. हातात शिल्पाचा फोटो, पायाखाली तोच चढाव. इतका थेट पुरावा अभ्यासात फार कमी वेळा हाती लागतो. लाखीशला पर्यटक थोडे येतात, सहल कंपन्या ते बहुधा वगळतात. तुम्ही हट्ट धरा आणि अख्खी सकाळ तिथे द्या.

संध्याकाळी मुक्कामावर चर्चा करा. सन्हेरीबाने आपल्या नोंदीत सेहेचाळीस तटबंद नगरं जिंकल्याचं सांगितलं, पण यरुशलेम घेतल्याचं सांगितलं नाही. राजवाड्याच्या भिंतीवर त्याने लाखीश कोरलं. इकडे शास्त्रलेखक यरुशलेम वाचल्याचं सविस्तर सांगतो आणि लाखीशला ओझरता उल्लेख पुरतो. कोण काय सांगतो आणि काय गाळतो, हा प्रश्न एकदा मनात रुजला की बाकी सहलीत तोच तुम्हाला शिकवेल.

काही ठिकाणी मात्र तुम्ही मनातून हलाल. त्याची तयारी आधी करा. यरीहोला जॉन गार्स्टँग यांना १९३०च्या दशकात पडलेली भिंत दिसली आणि ती यहोशवाच्या काळातली असं त्यांनी मानलं. १९५०च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी थर न थर तपासला. ती भिंत त्या काळाच्या कित्येक शतकं आधीची निघाली. त्याच टेकाडात त्यांना सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज सापडला. मगिद्दो, हासोर आणि गेजेर इथल्या सहा खोल्यांच्या वेशी यिगाएल यादीन यांनी १ राजे ९:१५च्या आधारे शलमोनाच्या मानल्या. पुढे इस्राएल फिंकेलश्टाइन यांनी त्या नंतरच्या काळात ढकलल्या, आणि तो वाद अजून चालू आहे. हे ऐकून तुमच्यातला एखादा रात्री अस्वस्थ होईल. त्याला ‘विश्वास ठेव, प्रश्न विचारू नकोस’ असं कुणीही म्हणायचं नाही. मी आयुष्यभर पवित्र शास्त्र शिकवलं, ते प्रश्न विचारणाऱ्या मुलांच्या भरवशावर. दुसऱ्या बाजूनेही उतावीळ होऊ नका. दावीद ही निव्वळ दंतकथा, असं काही पंडित म्हणत होते. १९९३ मध्ये तेल दान इथे ‘दावीदाचं घराणं’ असा उल्लेख असलेला अरामी शिलालेख सापडला आणि त्यांना नव्याने विचार करावा लागला.

वहीत प्रत्येक ठिकाणापुढे एक खूण करायची सवय लावा. जागा नक्की आहे, की जुनी परंपरा आहे, की केवळ स्मरणासाठी ठरवलेली आहे? कफर्णहूम गाव नक्की. तिथलं पेत्राचं घर ही परंपरा, पण भक्कम. पहिल्या शतकातल्या साध्या घराभोवती प्रार्थनेच्या खुणा आहेत आणि त्यावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च उभं राहिलं. शेजारच्या पांढऱ्या सभास्थानाचे खांब मात्र येशूच्या काळातले नाहीत. ते नंतरचे, त्यांच्याखालचा काळा पाया पाहायला वाकावं लागतं. ‘वेदनेचा मार्ग’ आज जसा आखलेला आहे तो मध्ययुगीन यात्रेकरूंच्या प्रथेतून आला. अशी खूण केल्याने भक्ती उणावत नाही. कुठे काय मानायचं हे स्वच्छ राहतं.

पुनरुत्थानाच्या चर्चला दिवसा जाऊ नका, रेटारेटीत काही दिसत नाही. पहाटे दार उघडतानाच जा. सहा पंथ त्या एका छताखाली प्रार्थना करतात आणि दाराची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे. हे पाहण्यासाठी झोप मोडा.

इस्राएल संग्रहालय शेवटच्या दिवशी ठेवा. तेल दानचा शिलालेख आणि कैसरियाला १९६१ मध्ये सापडलेला पिलाताच्या नावाचा दगड तिथे आहेत. त्यांची मूळ जागा पाहिल्यावर ते तुमच्याशी बोलतील. सुरुवातीलाच पाहिलेत तर नुसत्या काचेतल्या वस्तू राहतील.

बाकीचं थोडक्यात. जुलै-ऑगस्ट टाळा. मार्च-एप्रिल छान, पण वल्हांडण आणि ईस्टरच्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. नोव्हेंबर मला सर्वांत आवडतो. क्षार समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून खाली आहे, तिथे ऊन वेगळंच लागतं. प्रत्येकी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी, आणि इथेच महिनाभर वापरून मऊ केलेले बूट. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे मुलग्यांनीही घालायचे. विमानतळावर खूप प्रश्न विचारतात, ते त्यांचं काम आहे. शांतपणे, खरं आणि थोडक्यात उत्तर द्या, थट्टा करू नका. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी कागदाची चिठ्ठी दिली तर ती शेवटपर्यंत जपा. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, पण दुपारनंतरच बस थांबतात, दुकानं मिटतात, तेव्हा खाण्याची सोय आधी करा. आणि त्याच दिवसाची वही त्याच रात्री लिहा.

माणसांना विसरू नका. शिलोहच्या बोगद्याच्या डोक्यावर सिल्वानमधल्या पॅलेस्टिनी कुटुंबांची घरं आहेत. बेथलेहेमला जाताना भिंत आणि तपासनाकं लागतं. तुमची बस सहज जाईल, तिथल्या माणसाला ताटकळावं लागतं. पाहा आणि ऐका, निकाल द्यायची घाई नको. रविवार बेथलेहेममध्ये काढता आला तर अरबी भाषेतल्या उपासनेला बसा. तिथले ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, आता त्यांची संख्या घटत चालली आहे. भेटवस्तू घ्यायच्या तर त्यांच्याकडून जैतुनाच्या लाकडाच्या घ्या आणि फार घासाघीस करू नका.

कर्मेल डोंगरावर एलीयाच्या स्थानी जाल तेव्हा आपल्या कोकणाची आठवण ठेवा. रायगडच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या घरांत एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलीयाच्याच, नावाने पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा होतो, आणि तो संदेष्टा अलिबागजवळ येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या समाजातली बहुतेक माणसं १९४८ नंतर इस्राएलला गेली आणि लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावांत राहिली. जुन्या पिढीच्या घरांत आजही मराठी ऐकू येतं. शब्बाथ कसा पाळतात हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा अशा एखाद्या घरी मेणबत्त्या लावताना बघा. ओळख काढा, दोघं-तिघंच जा, जाताना मराठी दिवाळी अंक न्या. त्या संध्याकाळी परतायला बस नसते, म्हणून मुक्काम त्याच गावात ठेवा आणि फोन आत्ताच करा.