मूल बोलू लागते तेव्हा



बाल अत्याचाराची प्रकरणे हाताळण्याचे प्रशिक्षण समाजसेवकांना दिले जाते, तेव्हा त्यातला सर्वांत अवघड धडा असतो तो प्रश्न आवरण्याचा. ऐकून नवल वाटेल. मलाही वाटले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातील एक प्रसंग आम्हाला कौतुकाने शिकवला गेला. सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला एकामागून एक प्रश्न विचारतो आणि मुलगा भूमितीचे अवघड उत्तर शोधून काढतो. पण तो संवाद पुन्हा वाचा. मुलाची बरीचशी उत्तरे नुसती होकाराची आहेत. बोलतो तो सॉक्रेटिसच! भूमितीत त्याने काही बिघडत नाही. दुखावलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र सारेच बिघडते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण १९८३ साली सुरू झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. मुलाखती घेणाऱ्यांना मुलांचे भलेच करायचे होते. पण इतर मुलांनी काय सांगितले ते आधी ऐकवायचे, हवे ते उत्तर मिळाले की शाबासकी द्यायची, असा प्रकार झाला. खटला १९९० साली एकालाही शिक्षा न होता संपला. मुलांच्या बोलण्यात त्यांचे स्वतःचे किती आणि मोठ्यांनी घातलेले किती, हे निवडताच येईना. अशा मुलाखतींमुळे निरपराध माणूस भरडला जातो, आणि खरा अपराधी असेल तर तोही सुटतो.

म्हणून आता शिकवतात ते वेगळे. “काकांनी हात लावला ना?” असे विचारायचे नाही. “काय झाले ते सांग,” आणि मग “पुढे?” एवढेच. मूल गप्प झाले तर आपणही गप्प बसायचे. मुलाने वापरलेला शब्द, कितीही ओबडधोबड असो, तसाच लिहायचा. “कोणाला सांगणार नाही” असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यासमोर मुलाला उभे करायचे नाही.

आपल्याकडे २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याची दिशाही हीच आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, त्या वेळी पोलिसांनी गणवेश घालू नये, असे त्यात लिहिले आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. खरे-खोटे ठरवणे आपले काम नाही.

हे मी उशिरा शिकलो. हा कायदा येण्याआधी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. मुलीने दोन वाक्यांत सांगितले. मी विचारले, “नक्की ना, बाळा?” ती हो म्हणाली. मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, “नाही फादर, काही नाही झाले.” मला हायसे वाटले आणि मी त्यांना घरी पाठवले. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपले पहिले उत्तर चुकले असे मुलांना वाटते, हे मला नंतर एका प्रशिक्षणात कळले. त्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सात माझे लक्ष लागले नाही.

आपल्या धर्मग्रामात मुले सर्वांत आधी समाजसेवकाकडे जाणार नाहीत. ती आजीला सांगतील, धर्मशिक्षणाच्या टीचरना सांगतील, कदाचित वेदीसेवकांच्या खोलीत मित्राला सांगतील. म्हणून हे प्रशिक्षण आपणही घ्यायचे ठरवले आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश हॉलमध्ये एक अनुभवी समाजसेविका आपल्याशी बोलतील. धर्मशिक्षणाचे सर्व शिक्षक, गायकवृंदाचे प्रमुख आणि मी स्वतः, आम्हाला येणे सक्तीचे आहे. पालकांनी व आजी-आजोबांनीही यावे. मुलांना मात्र त्या वेळी घरी ठेवावे. त्याआधी कोणाला मदत हवी असल्यास १०९८ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य सुरू असतो.

तुमचे फादर