विश्वासाची वाढ कशी ओळखावी?

शास्त्रपाठ : मार्क ४:२६-२९, ८:२२-२६.

वाढणाऱ्या बीजाचा हा दाखला चार शुभवर्तमानांपैकीं एकट्या मार्कानें लिहून ठेविला आहे. त्यांतील मनुष्य बीं पेरतो, रात्रीं निजतो, दिवसा उठतो. तें कसें वाढतें हें त्याचें त्यासही कळत नाहीं. पेरणारास जें कळत नाहीं, तें आपल्या मंडळ्यांतील वडिलांस मात्र एका बैठकींत कळतें! नवीन मनुष्यास प्रभुभोजनास घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला म्हणजे एक म्हणतो, "याच्या प्रार्थनेंत जोर नाहीं", दुसरा म्हणतो, "ती बाई अजून सणाला माहेरीं जाते." अशा दोन वाक्यांनीं एखादा जीव कायमचा दूर जातो. म्हणून वाढीच्या खुणा कोणत्या, हें शांतपणें पाहिलें पाहिजे.

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकास, तेरेखोल खाडीजवळ, रेडी गांव आहे. तेथील बागाईतदारास ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं. काजूचें कलम तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळूं लागतें, बाणवली माड सहा-सात वर्षें घेतो. म्हणून माडास वांझ ठरवून कोणी कुऱ्हाड लावीत नाहीं. काजूचा क्रमही उलटा. आधीं बी पुरी वाढते, बोंड मागाहून फुगतें. माडास महिन्याकाठीं सुमारें एक झावळ येते. ती वाढतांना कोणास दिसत नाहीं, परंतु गळालेल्या झावळीचा वण खोडावर राहतो, आणि ते वण पाहून जाणता मनुष्य झाडाच्या वयाचा अंदाज करितो. विश्वासणाऱ्यांचेंही तसेंच आहे. कोणाची समजूत आधीं वाढते व हात पुष्कळ मागाहून सैल होतो. कोणास एक वचन धड सांगतां येत नाहीं, पण शेजाऱ्याच्या दुखण्यांत तो रात्रभर उशाशीं बसतो.

आपल्या महाराष्ट्रांतील दोन बायांची हकीकत पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधल्या काळांत कांहीं वर्षें त्या पतीपासून दूरच होत्या, आणि परत आल्यावरही त्यांनीं आपला स्वयंपाक व पाणी वेगळें ठेविलें. जातिभेद मनुष्यानें केला, देवानें नव्हे, हा विचार त्यांच्या मनांत कोणाच्या धाकानें आला नाहीं. तो आंतून पिकला. त्या पाणी वेगळें ठेवीत असतांनाच कोणी त्यांची परीक्षा घेऊन निकाल दिला असता, तर टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुढें कोणी नेलें असतें? पंडिता रमाबाईंचें उलट. बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला, १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें. आणि ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मागाहून, सुमारें आठ वर्षांनीं सांपडला, अशी साक्ष त्यांनीं स्वतःच दिली. एकीचें अंतःकरण बाप्तिस्म्याच्या आधीं हळूहळू वळलें, दुसरीचें त्याच्या नंतर. दोघींस एकच माप कसें लागावें?

बेथसैदाच्या आंधळ्यास पहिल्या स्पर्शानंतर माणसें चालत्या झाडांसारखीं दिसलीं. त्यानें तें लपविलें नाहीं, प्रभूनेंही त्यास दोष दिला नाहीं. पुन्हा हात ठेविले. त्या दोन स्पर्शांच्या मध्यें उभीं असलेलीं माणसें आपल्या प्रत्येक मंडळींत आहेत.

तर मग पाहावें काय? या मनुष्याची तुलना शेजारच्या बांकावरील मनुष्याशीं करूं नये. गेल्या वर्षींच्या त्याच्याशींच करावी. त्याच्या प्रार्थनेची लांबी मोजण्यापेक्षां त्याच्या बायकोस, सुनेस, गड्यास विचारावें. राग पूर्वीं आठ दिवस टिके, आतां संध्याकाळीं उतरतो काय? उसनें घेतलेलें परत जातें काय? चूक दाखविल्यास ऐकून घेतो काय?

संथ वाढ निराळी आणि खुंटणें निराळें, हेंही खरें. माडाचा नवा कोंब येईनासा झाला म्हणजे शेंड्यांत बहुधा गेंड्या भुंगा शिरलेला असतो. बागाईतदार तेव्हां खालीं उभा राहून झाडास शिव्या देत नाहीं. वर चढतो, आंकडीनें भुंगा ओढून काढतो, आणि मग वाट पाहतो. वडिलांनीं कोणाचें नांव बैठकीपुढें आणण्यापूर्वीं त्याच्या घरीं निदान एकदां जावें, आणि जातांना प्रश्नांची यादी घेऊन जाऊं नये.