घर पाहिल्याशिवाय अर्ज लिहू नकोस

दवनीवाडा, ता. जि. गोंदिया

चि. भाचीस,

वकिलीची परीक्षा झाली आणि आता मालमत्ता कराच्या प्रकरणांत पडावे असे तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरे वाटले. या कामात पैसा उशिरा येतो, नावही फारसे होत नाही. तरी पड. कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, हे घटनेचे कलम 265 तू पाठ केले असशील. गावात त्याची परीक्षा होते ती ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या रजिस्टरावर.

म्हणून आधी नमुना 8, म्हणजे ते कर आकारणीचे रजिस्टर, वाचायला शीक. 1960 च्या ग्रामपंचायत कर व फी नियमांत डिसेंबर 2015 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर निघते. क्षेत्रफळ, जमिनीचा आणि बांधकामाचा रेडी रेकनरमधला दर, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा, वापराप्रमाणे भारांक: यातले एक जरी चुकले तरी बिल चुकते. कवेलूचे मातीचे घर स्लॅबचे म्हणून चढते. पुढच्या खोलीत किराणा आहे म्हणून अख्खे घर दुकान ठरते. हे कागदावर कळत नाही. टेप घेऊन घरी जावे लागते. राईस मिलचे प्रकरण आले तर शेड, गोदाम आणि मोकळे आवार वेगवेगळे मोज.

मुंबईतही वाद शेवटी प्रत्यक्ष काय मोजायचे यावरच आला होता. तिथे 2010 पासून भांडवली मूल्यावर कर सुरू झाला आणि मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल तेही मूल्यात धरू लागले. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तसे धरण्याचे नियम रद्द केले आणि 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. जमीन आज जशी आहे तशीच मोजायची.

एक गोष्ट पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांग. नमुना 8 ला नाव लागले म्हणजे घर मालकीचे झाले असे नाही. ती कर आकारणीची नोंद आहे. या एका गैरसमजापायी भाऊ-भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात बसलेले मी पाहिले आहेत.

निवडणुकीच्या आगेमागे दुसऱ्याच प्रकारची गर्दी होईल. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे थकबाकीच्या रकमेवर भाषण करू नकोस. बिल खरेच बजावले का, कोणाच्या हाती दिले, सही कोणाची, तारीख कोणती, एवढे विचार.

आकारणी बरोबर असेल तर पक्षकाराला भरायला सांग, फी गेली तरी चालेल. नाली, दिवाबत्ती आणि नळ याच पैशातून चालतात. केवळ तारखा पाडायला आलेल्याचे वकीलपत्र घेऊ नकोस. मला ते कधीच पटले नाही.

नागपूरला राहू की गोंदियाला, असे विचारलेस. पहिली काही वर्षे गोंदियाला ये. हरकत ग्रामपंचायतीत, अपील पंचायत समितीकडे, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. नागपूर खंडपीठापुढे जाणारी फाइल इथेच तयार होते, आणि इथे राहिलेली उणीव तिथे भरून निघणे कठीण. येताना 2015 च्या दुरुस्तीसह नियमांची प्रत आण, माझ्याकडची जुनी आहे.

तुझा मामा