नवी गोळी सुरू झाली की अंगाकडे लक्ष ठेवा

२००३ साली माझ्या गुडघेदुखीवर डॉक्टरांनी रोफेकॉक्सिब लिहून दिलं. जुन्या वेदनाशामकांनी पोटात अल्सर होण्याची भीती असते, या गोळीने ती कमी, म्हणून पित्ताचा त्रास असलेल्यांना ही गोळी आवर्जून दिली जाई. गुण आला. जिना मी कठडा न धरता उतरू लागले.

काही आठवड्यांनी पाय सुजायला लागले. संध्याकाळी जोडवी बोटांत रुतत. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडे आणि बराच वेळ तसाच राही. घरचे म्हणाले, वय झालं. शेजारच्या काकूंनी मीठ कमी करायला सांगितलं. माझं बी.पी. कधी वाढलेलं नव्हतं, ते १७०/१०० निघालं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, "एवढ्यात नवीन कुठली गोळी सुरू केलीत?" पाकीट पाहून त्यांनी ती बंद केली. सूज ओसरली, बी.पी.ही उतरलं.

३० सप्टेंबर २००४ रोजी मर्क कंपनीने व्हायॉक्स, म्हणजे हेच रोफेकॉक्सिब, जगभरातून मागे घेतलं. दीड वर्षाहून जास्त काळ ते घेणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट आढळला होता. त्याच डिसेंबरात भारतातही बंदी आली. ही गोळी दुखणं थांबवताना रक्तात गुठळी होऊ न देणारं द्रव्यही कमी करते, आणि मूत्रपिंडांवरच्या तिच्या परिणामामुळे अंगात मीठ-पाणी साठतं.

ते औषध गेलं, पण डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, आयब्युप्रोफेन ही त्याच कुळातली औषधं घरोघरी आहेत. म्हणून कळकळीने सांगते:

• ब्रँडच्या नावाखालचं औषधाचं मूळ नाव आणि सुरू केल्याची तारीख वहीत लिहा. दोन वेगळ्या पाकिटांत एकच औषध असू शकतं.

• बी.पी., हृदयविकार, किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी सुरू करण्यापूर्वी बी.पी. मोजा, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.

• पायाला सूज, लघवी कमी किंवा काळी शौच दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखलं, धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली तर १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल गाठा.

• उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने पुन्हा घेऊ नका, दुसऱ्याला देऊ नका. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने आणू नका.

• औषधाचा त्रास झालाच तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर कळवा. अशा नोंदी साठल्या तरच घातक औषध वेळेवर ओळखू येतं.

नवी गोळी आणि नवा त्रास मागोमाग आले, तर वयाला दोष देण्याआधी त्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.