गुळवेल : ओळख, उपयोग आणि जतन

मृगाच्या सरी पडून गेल्या की शेताच्या बांधावरील कडुनिंबावर, गावकुसाच्या पडक्या भिंतीवर किंवा काटेरी कुंपणावर उन्हाळाभर वाळक्या दोरासारखी लोंबत राहिलेली एक वेल एकाएकी पालवू लागते. आठ-पंधरा दिवसांत हृदयाच्या आकाराच्या हिरव्यागार पानांनी ती आपला आधारवृक्ष झाकून टाकते. तिला कोणी लावलेले नसते, कोणी पाणी घातलेले नसते. हीच गुळवेल. कोकणापासून विदर्भापर्यंत आपल्या राज्याच्या बहुतेक भागांत ती आपोआप उगवते. त्यामुळे तिचे मोल जितके जुने आहे, तितकेच तिच्याकडे होणारे दुर्लक्षही जुने आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र या वेलीचे नाव घरोघरी पोहोचले. मागणी वाढली, तोड वाढली आणि अर्धवट माहितीवर केलेला वापरही वाढला. म्हणूनच गुळवेल नीट ओळखणे, ती तोलून-मापून वापरणे आणि तिचे मूळ राखणे या तीन गोष्टी आज एकत्र समजून घेणे अगत्याचे झाले आहे. यांपैकी एक जरी सुटली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

नावातच दडलेली ओळख

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘हृदयाकृती पानांची’ असा आहे. संस्कृतात तिला गुडूची म्हणतात. अमृता हे तिचे दुसरे नाव. रामरावण युद्धात पडलेल्या वानरांना जिवंत करण्यासाठी इंद्राने अमृतवर्षाव केला, त्यातील थेंब जेथे जेथे भूमीवर पडले तेथे तेथे ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशात आली आहे. ‘अमृतवेल’ हे मराठीतील नावही याच कल्पनेतून आले आहे.

जुन्या वैद्यांनी तिला दिलेली इतर नावे मात्र केवळ गौरवाची नाहीत. ती वनस्पती ओळखण्याची साधने आहेत. ‘छिन्नरुहा’ म्हणजे तोडली असता पुन्हा रुजणारी. ‘कुंडली’ म्हणजे वेटोळे घालून चढणारी. ‘वत्सादनी’ म्हणजे वासरे आवडीने खातात ती. ‘चक्रलक्षणिका’ म्हणजे खोड आडवे कापले असता आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते ती. अंगठ्याएवढे जाड खोड धारदार सुरीने आडवे कापून पाहिल्यास हे चक्र कोणत्याही विद्यार्थ्यास साध्या डोळ्यांनी दिसू शकते.

याशिवाय आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. खोडावरील साल राखट-तपकिरी व कागदासारखी पातळ असून ती नखाने सहज सुटते. तिच्याखाली हिरवा गर दिसतो. सालीवर बारीक ठिपके असतात, पण ठळक गाठी नसतात. पाने गुळगुळीत असून देठ लांब असतात. जुन्या वेलीच्या फांद्यांपासून सुतळीसारखी बारीक हवाई मुळे खाली लोंबतात. नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुले लहान, पिवळसर-पोपटी असतात, तर फळे वाटाण्याएवढी असून पिकल्यावर लालभडक होतात. खोडाची चव कडू असते.

हा तपशील देण्यामागे कारण आहे. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, तिच्याच प्रजातीतील आणखी वेली आढळतात. टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात आणि खोड तोडल्यास दुधाळ स्राव येतो. टिनोस्पोरा सायनेन्सिस या जातीच्या पानांवर लव असते. तेव्हा ‘पान हृदयासारखे आहे, म्हणजे गुळवेलच’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. पान, साल आणि खोडाचा छेद या तिन्ही खुणा जुळल्याखेरीज वेल औषधासाठी घेऊ नये.

परंपरेतील उपयोग

चरकसंहितेत बुद्धी व स्मृती यांना हितकर अशी जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पी यांच्या जोडीला गुडूचीचा समावेश आहे. जुना ताप, वातरक्त, आमवात, प्रमेह आणि कावीळ या विकारांत वैद्य तिचा उपयोग करीत आले आहेत. आमवातात ती सुंठीबरोबर देण्याची पद्धत आहे. औषधासाठी मुख्यतः खोड वापरले जाते. ताज्या खोडाचा रस, भरडीचा काढा, वाळवलेल्या खोडाचे चूर्ण आणि सत्त्व हे तिचे प्रचलित प्रकार होत. दुकानात मिळणारी संशमनी वटीही गुळवेलीच्या घनापासूनच तयार होते. कडुनिंबावर वाढलेली गुळवेल अधिक गुणकारी, असा लोकसमज सर्वत्र आढळतो.

गुळवेल सत्त्व तयार करण्याची रीत सोपी असली तरी कष्टाची आहे. बोटाएवढी जाड ताजी खोडे धुऊन, वरची साल काढून, त्यांचे तुकडे ठेचतात आणि भरपूर पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी ते हाताने चांगले कुस्करून पाणी कापडातून गाळून घेतात. गाळलेले पाणी काही तास स्थिर ठेवल्यावर तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी हलकेच ओतून टाकून तो साका वाळवला की सत्त्व तयार होते. पाटीभर खोडांमधून मूठभरच सत्त्व हाती येते. यामुळेच त्यात स्वस्त पिठांची भेसळ होण्याचा संभव असतो, हे खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

गुळवेलीचा संबंध केवळ औषधाशी नाही. तिच्या कोवळ्या पानांची भाजी अनेक भागांत खाल्ली जाते आणि कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांतही ती मांडली जाते. शेळ्या-गुरे तिचा पाला खातात.

संशोधन काय सांगते

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व त्याला संलग्न असलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या व १९९०च्या दशकांत गुळवेलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. शरीराच्या प्रतिकारशक्तीवर तिचा कसा परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पित्तमार्गातील अडथळ्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिल्यास त्यांना लाभ होतो, असे निष्कर्ष या गटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. परंपरेने सांगितलेली गोष्ट रुग्णालयाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा हा आदर्श म्हणता येईल.

याच मुंबईतून २०२१ मध्ये दुसऱ्या प्रकारचे निरीक्षण पुढे आले. कोविड साथीच्या काळात, २०२०च्या उत्तरार्धात, गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे तेथील यकृततज्ज्ञांनी नोंदवले. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिकारशक्ती कार्य करू लागण्याचा जो विकार असतो, त्याच्याशी या इजेचे साम्य आढळले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने यावर असे निदर्शनास आणले की, गुळवेल योग्य मात्रेत सुरक्षित आहे; मात्र तिच्याशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या जातींशी तिची गल्लत होता कामा नये.

या दोन्ही बाजूंचा वाद तज्ज्ञांनी सोडवावयाचा आहे. सामान्य नागरिकाने त्यातून घ्यावयाचा बोध मात्र स्पष्ट आहे. वनस्पती रानातली आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. जे शरीरावर परिणाम करते, ते मापातच घ्यावे लागते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुडूचीच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम अशी दिली आहे. कोविडच्या काळात अनेक घरांतून मूठ-मूठ खोडांचा काढा महिनोन्‌महिने घेतला गेला, त्यात ना माप होते ना मुदत. यकृताचा विकार, मधुमेहाची औषधे, प्रतिकारशक्तीशी संबंधित व्याधी किंवा गर्भावस्था असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून गुळवेल घेऊ नये. सेवनाच्या काळात डोळे किंवा लघवी पिवळी दिसू लागल्यास ती तत्काळ बंद करून डॉक्टरांकडे जावे.

वनोपज म्हणून महत्त्व

गुळवेल हे डोंगरपट्ट्यातील अनेक आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे. गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किंमतीच्या योजनेत तिचा समावेश आहे. केंद्र शासनाने मे २०२० मध्ये या किंमती वाढवल्या, तेव्हा सर्वाधिक वाढ गुळवेलीच्या दरात करण्यात आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी युवकांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल गोळा करून, वाळवून ती मोठ्या औषध कंपन्यांना पुरवण्यास प्रारंभ केला. वीटभट्टीच्या कामासाठी वर्षातील कित्येक महिने घर सोडावे लागणाऱ्या समाजाच्या दृष्टीने गावाजवळ मिळणाऱ्या या उत्पन्नाचे मोल पैशात मोजण्यापलीकडचे आहे.

वनहक्क कायदा, २००६ अन्वये परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वनहक्कधारकांची मालकी मान्य करण्यात आली असून औषधी वनस्पतींचा त्यात स्पष्ट अंतर्भाव आहे. हक्क आला की राखण्याची जबाबदारीही येते. दर चढला की बाहेरचा व्यापारी येतो आणि मजुरीने तोड करवून घेतो. अशा वेळी घाईने वेल मुळासकट ओढली जाते. ‘छिन्नरुहा’ हे नाव तोडलेल्या वेलीला लागू पडते, उपटलेल्या वेलीला नव्हे.

जाणते संग्राहक वेल जमिनीपासून हातभर सोडून वरून तोडतात. अंगठ्याहून बारीक फांद्या तशाच ठेवतात. तोडणी पाने गळून गेलेल्या उन्हाळी दिवसांत करतात. खोडांचे तुकडे करून ते सावलीत आठ-दहा दिवस वाळवतात. पाड्यांवरून फिरताना प्रस्तुत लेखकास आणखी एक रीत पाहावयास मिळाली. तोड झाल्यावर एखादा तुकडा त्याच झाडाच्या बुंध्याशी मातीत खोचून ठेवला जातो. या साध्या कृतीला खर्च नाही, आणि पुढच्या पिढीची वेल त्यातच आहे.

फळबागेचा प्रश्न

गुळवेल लावताना एक व्यावहारिक अडचणही विचारात घ्यावी लागते. संत्री, मोसंबी, डाळिंब या फळांना भोक पाडून त्यांतील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेल या वेलींवर वाढतात. दिवसा दडून राहणारा हा पतंग रात्री बागेत येतो आणि त्याने डंख केलेली फळे सडून गळून पडतात. म्हणूनच बागेच्या परिसरातील या वेली काढून टाकण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात.

तेव्हा एका विभागाने ‘गुळवेल लावा’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘गुळवेल काढा’ म्हणावे, यात वस्तुतः विरोध नाही. प्रश्न जागेचा आहे. फळबागांच्या गावात ही वेल शिवारात लावू नये. जेथे बागा नाहीत तेथे, वनहद्दीवर, देवराईच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात ती अवश्य लावावी. हा निर्णय गावाचे शिवार पाहून ग्रामसभेनेच घ्यावयाचा असतो.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

लागवड अतिशय सुलभ आहे. दोन-तीन डोळे असलेले, बोटाएवढे जाड फाटे मे-जूनमध्ये पिशवीत किंवा थेट जमिनीत लावावेत आणि चढण्यासाठी कडुनिंबासारखा आधार द्यावा. विषारी झाडावर ती चढवू नये.

शिक्षकांना या एका वेलीवर संपूर्ण पाठ घेता येईल. शाखीय अभिवृद्धी, हवाई मुळे, नर व मादी वनस्पती, खोडाचा आडवा छेद या क्रमिक पुस्तकातील सर्व गोष्टी या एकाच वेलीवर दाखविता येतात. त्यानंतर विद्यार्थ्यांना गावातील जाणत्या वृद्धांकडे पाठवून गुळवेल व तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली त्या कशा ओळखतात, हे लिहून आणावयास सांगावे. मात्र वर्गात कोणतेही खोड चाखून पाहू देऊ नये.

ग्रामपंचायतींच्या हाती याहून मोठे साधन आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही वही कपाटात बंद राहण्यासाठी नाही. गुळवेल शिवारात कोठे आहे, कोण तोडतो, किती तोडतो, तोडल्यावर किती उरते, याची नोंद दरवर्षी त्यात झाली, तर व्यापाऱ्याशी दर ठरविताना आणि तोडीवर मर्यादा घालताना ग्रामसभेच्या हाती आधार राहील.

गुळवेल तोडली तरी पुन्हा फुटते, हा तिचा गुण. तिची ओळख मात्र तशी नाही. एका पिढीने ती पुढच्या पिढीला दिली नाही, तर ती आपोआप रुजत नाही. आणि ओळख गेली की औषध व अपाय यांतील अंतरही जाते. येत्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणावर एक फाटा लावून या कामास आरंभ करता येईल. मुलांनी तो लावावा आणि गावातील जाणत्या माणसाने तो पारखून द्यावा, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल.