कारखान्याच्या शेजारचे शेत : वारसनोंद, वाटणी आणि वाट



पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारात एकामागून एक कारखाने आले. १९८२ मध्ये तेथे महानगरपालिका झाली. पुढे हीच वाट खेड तालुक्यात वळली. चाकणजवळच्या म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत जेथे कांदा, बटाटा आणि बाजरी निघत असे, तेथे आज मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत.

जमीन राहील की जाईल, हे नेहमी शेतकऱ्याच्या हाती नसते. परंतु तिचे कागद नीट ठेवणे मात्र त्याच्या हाती असते. जमिनीला भाव चढतो तेव्हा घरातील जुने, न मिटलेले प्रश्नही वर येतात. म्हणून वारसनोंद, वाटणी व शेताची वाट ही तीन कामे आधीच कशी उरकावीत, हे या पाठात पाहू.

कोणता कागद काय सांगतो ?

गाव नमुना सात व बारा मिळून सातबारा होतो. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती व इतर हक्क कोणाचे हे दिसते. नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. आठ-अ उताऱ्यावर एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. नाव कसे चढले वा कमी झाले हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये सापडते.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद खरी मानली जाते. मात्र विरुद्ध पुरावा आल्यास ती बदलू शकते. म्हणून केवळ उतारा जवळ असून भागत नाही. त्यामागचे फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र व मोजणीचा नकाशाही जपावा.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंडोनेशियात जावा बेटाच्या पश्चिम भागात सुंदानी लोकांची भातशेतीची गावे आहेत. तेथील करावांग जिल्हा भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध. आज त्याच जिल्ह्यात मोटारींचे कारखाने आहेत. तिकडे अनेक कुटुंबांकडे जमिनीचा पुरावा म्हणून 'गिरिक' नावाचा कराचा कागद असे. १९६० च्या जमीन कायद्यानंतर नोंदणीच्या प्रमाणपत्राला महत्त्व आले आणि नुसता कराचा कागद अपुरा पडू लागला. आपल्याकडेही शेतसाऱ्याच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानात घ्यावे.

वारसनोंद : तीन महिन्यांच्या आत

खातेदार मयत झाल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यावी, असे संहितेचे कलम १४९ सांगते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. नोंद प्रमाणित झाली की नवा उतारा काढून नावे व क्षेत्र ताडून पाहावे. चूक असल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांच्या आत अपील करता येते.

पुष्कळ घरांत आजोबा जाऊन वीस-पंचवीस वर्षे होतात, तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते. घरात एकी असेपर्यंत काही अडत नाही. परंतु औद्योगिक संपादनाची नोटीस निघते तेव्हा ती उताऱ्यावरील नावाने निघते. नाव मयताचे असेल तर खऱ्या वारसांना वेळेवर हरकत घेता येत नाही. हिश्श्यांबद्दल वाद असेल तर मोबदलाही निकाल लागेपर्यंत अडकून पडतो.

मुलीचा हिस्सा

महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. हा हक्क जन्माने मिळतो व त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

उदाहरणार्थ, समजा एका कुटुंबाची २ हेक्टर ४० आर जमीन आहे. आई-वडील मयत असून तीन मुलगे व एक मुलगी वारस आहेत. तिघा भावांनी आपसांत ८०-८० आर धरून चालणे चूक आहे. हिस्से चार होतात, प्रत्येकी ६० आर. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. भाऊबीजेची साडी पुढे ठेवून कोऱ्या कागदावर सही घेणे कायद्यातही बसत नाही आणि नात्यातही शोभत नाही. माहेर तुटेल या भीतीने सही करणाऱ्या बहिणींनीही कागद आधी वाचून घ्यावा.

वाटणी व मोजणी

सर्व सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. मालकीहक्काचाच वाद असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते. तुकडेबंदी कायद्याचे (१९४७) प्रमाणभूत क्षेत्र वाटणीपूर्वी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे. वाटणीनंतर भूमि अभिलेख कार्यालयाकडून पोटहिश्श्याची मोजणी करून खुणा कायम कराव्यात. वाटणीपत्रात विहीर, पाइपलाइन, वीजजोड व वाट यांचा स्पष्ट उल्लेख असावा. जमीन वाटली आणि विहीर मात्र मोघम राहिली, तर भांडण पुढच्या पिढीला वारशाने मिळते.

शेताची वाट

बैलगाडीच्या काळात बांधावरून गाडी गेली तरी चालत असे. आज कांद्याच्या गोण्या चाकणच्या बाजारात न्यायच्या तर शेतापर्यंत टेम्पो यावा लागतो. शेजारची जमीन कारखान्याने घेतली व कुंपण पडले, की पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट एका दिवसात बंद होऊ शकते. वाट नसलेल्या शेताचे पीकही अडते आणि भावही पडतो.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. पूर्वापार रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करावा. रस्ताच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. गावनकाशावर काही वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. शेतावर जाण्याच्या अनेक वहिवाटी मात्र नकाशावर नसतात. म्हणून शेजाऱ्याशी संबंध चांगले असतानाच लेखी संमती घ्यावी व रस्त्याची नोंद 'इतर हक्क' रकान्यात करून घ्यावी.

विकण्यापूर्वी

एजंटाने आणलेले साठेखत वा कुलमुखत्यारपत्र जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये. सगळी जमीन विकण्यापूर्वी आणखी एक विचार करावा. कुळवहिवाट अधिनियमाच्या (१९४८) कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आलेला पैसा गाडी-बंगल्यात संपला, तर मुलाला पुन्हा शेतकरी होणे अवघड जाते. जमीन संपादनात गेली असल्यास त्याचे सर्व दाखले जपून ठेवावेत.

या महिन्यात करावयाची कामे

१) चालू सातबारा व आठ-अ काढून नाव, गट नंबर व क्षेत्र तपासावे.
२) मयत खातेदारांची यादी करून वारसनोंदीचा अर्ज द्यावा, बहिणींची नावे वगळू नयेत.
३) जुने फेरफार, खरेदीखते व मोजणी नकाशे यांच्या नकला एका पिशवीत ठेवाव्यात आणि त्या कोठे आहेत हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे.
४) गावनकाशावर आपली वाट शोधावी, नसल्यास तिची नोंद करून घ्यावी.

ही कामे सुगी उरकल्यावर सवडीने करता येतात. नोटीस दारात आल्यावर मात्र सवड मिळत नाही.