दातांशी संबंध नसलेल्या गाठी : ओळख आणि दक्षता

जबड्यात सूज दिसताच दोष दाताकडे जातो आणि कित्येकदा चांगला दात विनाकारण काढला जातो. हे टळावे, यासाठी ही अल्प माहिती.

द्रवाने भरलेल्या पिशवीसारख्या गाठीस 'सिस्ट' म्हणतात. वरच्या पुढील दातांमागे टाळूत सिस्ट असली तरी दात सजीव असू शकतात. म्हणून उपचारापूर्वी दाताची सजीवता तपासावी. जिभेखालील निळसर फुगवटा, 'रॅन्युला', लाळग्रंथीतून उद्भवतो. मानेच्या मध्यभागी असलेली व जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ बहुधा गर्भावस्थेतील थायरॉईडच्या मार्गाचा अवशेष असते. डॉ. सिस्ट्रंक यांनी १९२० साली वर्णिलेल्या पद्धतीने, 'हायॉइड' या कंठातील हाडाच्या मधल्या भागासह ती काढल्यास पुन्हा उद्भवण्याचा संभव पुष्कळ घटतो. तत्पूर्वी मूळ थायरॉईड जागेवर असल्याची खात्री सोनोग्राफीने करावी.

मानेच्या बाजूची मऊ गाठ तरुणांत जन्मदोषाची असू शकते. क्षयाचीही शंका घ्यावी. मात्र चाळिशीनंतर प्रथमच उद्भवलेली अशी गाठ कर्करोगाची नाही, हे पूर्ण तपासणीने ठरेपर्यंत निर्धास्त राहू नये. तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

मालवण किनाऱ्यावरील रुग्णांना पुढील तपासणीसाठी ओरोस, कोल्हापूर वा बांबोळी गाठावी लागते. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली गाठ प्रवासखर्चापायी लांबणीवर टाकू नये. दात्यांची देणगी अशा रुग्णाच्या गाडीभाड्याच्या कामी आली, तरी ती सत्कारणी लागली असे आम्ही मानतो.